१९८०चं बुकर: सातही कादंबऱ्या पुन्हा वाचल्यावर

निवडुंग

गेल्या पावसाळ्यात एक जुना बेत तडीस नेला. १९८०च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीतल्या सातही कादंबऱ्या पाठोपाठ वाचल्या. काही पूर्वी वाचलेल्या होत्या, दोन अर्ध्यावर सोडलेल्या. यादी अशी: विल्यम गोल्डिंग (राइट्स ऑफ पॅसेज), अँथनी बर्जेस (अर्थली पॉवर्स), अनिता देसाई (क्लिअर लाइट ऑफ डे), अ‍ॅलिस मन्रो (द बेगर मेड), ज्युलिया ओफेलन (नो कंट्री फॉर यंग मेन), बॅरी अन्सवर्थ (पास्कालीज आयलंड) आणि जे. एल. कार (अ मंथ इन द कंट्री). पारितोषिक गोल्डिंगना मिळालं.

या वर्षाचा विषय निघाला की लोक गोल्डिंग विरुद्ध बर्जेस या टकरीबद्दलच बोलतात. जिंकलो असेन तर आधी कळवा, नाहीतर समारंभाला येणार नाही, असं बर्जेसनी सांगितलं आणि ते गेले नाहीत, हा किस्सा प्रत्येक लेखात असतो. त्यात उरलेली पाच पुस्तकं झाकली गेली. माझं मत सरळ मांडते: हे पारितोषिक अनिता देसाईंचं होतं.

त्यांच्या क्लिअर लाइट ऑफ डेची गोष्ट म्हटली तर एवढीशी. जुन्या दिल्लीतलं धुळकट घर. थोरली बिम कॉलेजात इतिहास शिकवते आणि अजाण धाकट्या भावाला, बाबाला, सांभाळते. तो दिवसभर ग्रामोफोनवर त्याच त्या जुन्या तबकड्या लावतो. धाकटी बहीण तारा परराष्ट्र खात्यातल्या नवऱ्याबरोबर परदेशातून आली आहे. मोठा भाऊ राजा कधीच हैदराबादला निघून गेलाय. आधी हे आज दिसतं, मग १९४७चा उन्हाळा, मग त्याही मागचं बालपण, आणि शेवटी पुन्हा आज. फाळणी होते ती दूर क्षितिजावर दिसणाऱ्या आगीसारखी. घरात त्याच वेळी राजाला क्षय झालाय आणि मीरामावशी दारूत बुडत चाललीय. बिम एकटी सगळ्यांचं करतेय.

आणि ते पत्र! राजा शेजारच्या हैदर अलींचा जावई होतो, ते गेल्यावर त्यांच्या मालमत्तेचा वारस होतो, म्हणजे बहीण राहते त्या घराचा मालक. तो बिमला लिहितो की काळजी करू नकोस, भाडं वाढवणार नाही. त्याच्या मते हा चांगुलपणा. बिम ते पत्र वर्षानुवर्षं जपून ठेवते, कारण ती जखम तिला भरू द्यायची नाही. घराच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे पत्र समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्याच वर्षी १९४७वरची दुसरी एक कादंबरी, सलमान रश्दींची मिडनाइट्स चिल्ड्रन, जिंकली आणि भारतीय इंग्रजी कादंबरीची गोष्ट लोक १९८१पासून सांगू लागले. देसाई नंतर १९८४ आणि १९९९लाही अंतिम यादीत होत्या. तिन्ही वेळा रिकाम्या हाती.

दर्यावर्दी

वाचनाबद्दल मनापासून दाद, निष्कर्ष मात्र मान्य नाही. पुन्हा वाचताना गोल्डिंगकडे तुम्ही पुरेसं पाहिलेलं दिसत नाही. पहिल्या परिच्छेदानंतर त्यांचं नावच नाही.

नेपोलियनच्या काळातलं जुनाट जहाज ऑस्ट्रेलियाला निघालंय. टॅलबट हा बड्या घरचा तरुण आपल्या वजनदार धर्मपित्यासाठी रोजनिशी लिहितोय. त्याच जहाजावर कोली नावाचा गरीब घरातून वर आलेला पाद्री आहे. कप्तान त्याला पाण्यात पाहतो, विषुववृत्त ओलांडताना खलाशी त्याची विटंबना करतात. पुढे एका प्रसंगानंतर तो खोलीत पडून राहतो, अन्नपाणी सोडतो आणि मरतो. मग टॅलबटच्या हाती कोलीचं बहिणीला लिहिलेलं लांबलचक पत्र लागतं. तेच दिवस, तीच माणसं, पण दुसऱ्या डोळ्यांनी. आणि आपल्याला कळतं की ज्या चटकदार रोजनिशीवर आपण इतका वेळ खूश होतो, ती लिहिणाऱ्याला समोरचा माणूस दिसलाच नव्हता. आपल्यालाही नव्हता.

माणूस लाजेने मरू शकतो, एवढं एकच वाक्य सिद्ध करायला अख्खं जहाज उभं केलंय. देसाईंची कादंबरी सुंदर आहे, पण तिच्यात वाचक कुठेच गुन्हेगार ठरत नाही. गोल्डिंगमध्ये ठरतो. परीक्षकांनी हेच पाहिलं असेल तर बरोबर पाहिलं.

आणि भारताकडे दुर्लक्ष झालं असा जो सूर लागतोय, त्याबद्दल: १९७३ला फॅरेलच्या द सीज ऑफ कृष्णपूरला आणि १९७५ला झाबवालांच्या हीट अँड डस्टला बुकर मिळालंच होतं.

निवडुंग

दर्यावर्दी, गोल्डिंगना मी घाईत उरकलं, हे खरं. पत्राचा भाग विलक्षण आहे. पण नेमकं काय घडलं हे लेखक शेवटपर्यंत हातचं राखून ठेवतो. एकदा ते कळलं की दुसऱ्या वाचनात मी नुसती त्या जागेची वाट पाहत बसले. देसाईंकडे लपवलेलं काही नाही. काय झालं ते पहिल्या प्रकरणातच कळतं, कसं झालं ते उलगडत जातं.

फॅरेल आणि झाबवालांची नावं तुम्ही घेतलीत तीच माझ्या बाजूची. दोन्ही कादंबऱ्यांत मध्यभागी भारतात आलेले इंग्रज आहेत. बिमच्या घरात एकही साहेब नाही.

सातवा मजला

माझा आक्षेप वेगळाच आहे. बिमचं घर मलाही आवडलं, पण ते ऐकू येत नाही. राजा उर्दू कवितेसाठी वेडा झालेला मुलगा. हैदर अलींच्या ग्रंथसंग्रहात बसून तो ती भाषा प्यायला शिकतो. आणि पानावर आपल्या वाट्याला इक्बालच्या ओळी येतात त्या इंग्रजीत. जिच्यासाठी त्याने घर सोडलं ती भाषाच कादंबरीत नाही. परदेशी वाचकाला ही उणीव जाणवणार नाही, आपल्याला जाणवायला हवी. मराठीत कादंबऱ्या वाचणारे आपण, जुन्या दिल्लीतल्या भावंडांची भांडणं इतक्या नितळ इंग्रजीत ऐकताना कान टवकारत नाहीत का?

निवडुंग

टवकारतात. राजाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मी मान्य करते. पण या घराला इंग्रजीही परकी नाही. ही मुलं बायरन आणि एलियट घोकत वाढलेली आहेत, आणि उर्दूकडे जाणं हे राजाचं बंडच आहे.

शिवाय एक जागा सांगते, जिथे भाषेचा प्रश्न माझ्यापुरता संपला. शेवटाकडे बिम रागाच्या भरात बाबाला नको ते बोलून जाते, ज्याला उत्तर देताच येत नाही त्याला. त्या रात्री झोप येत नाही म्हणून ती औरंगजेबाच्या अखेरच्या दिवसांचं वर्णन वाचते. रिकाम्या हाताने आलो आणि पापांचा हा केवढा तांडा घेऊन निघालो, असं म्हणणारा थकलेला बादशहा. आणि मग ती राजाचं ते पत्र फाडून टाकते. आपल्यासाठी औरंगजेब म्हणजे पंचवीस वर्षं दख्खनेत झिजून १७०७ला नगरजवळ भिंगारला मेलेला शत्रू. शाळेपासून तेवढाच ठाऊक. त्या म्हाताऱ्यात एका दमलेल्या बहिणीला स्वतःचा अहंकार दिसतो, हे वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिले.

पाटीपेन्सिल

तुम्हा दोघांच्या वादात कार हरवू नयेत म्हणून लिहितो. शंभरेक पानांची कादंबरी. पहिल्या महायुद्धातून चेहऱ्याचा झटका आणि तोतरेपण घेऊन आलेला बर्किन १९२०च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमधल्या एका खेड्यात येतो. चर्चच्या भिंतीवर चुन्याखाली झाकलेलं मध्ययुगीन चित्र मोकळं करायचं त्याचं काम. राहतो घंटाघरात. रोज भिंतीचा एक तुकडा साफ होतो, तसातसा तोही. धर्मगुरूची बायको घंटाघरात त्याच्या शेजारी उभी असते, एक शब्द बोलला असता तर आयुष्य बदललं असतं, आणि तो बोलत नाही. बस्स.

लेखक पेशाने शाळामास्तर, हेडमास्तर झालेले. हे सांगण्याचं कारण मीही मास्तर होतो. इतकं कमी बोलून इतकं सांगणं वर्गात तीस वर्षांत मला जमलं नाही. माझं मत कारना.

उंबरठा

मन्रोंबद्दल कुणीच बोलेना! ही कथामालिका आहे, कादंबरी नव्हे, म्हणून यादीत नको होती असं पुष्कळांचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. रोझ आणि तिची सावत्र आई फ्लो यांच्या दहा कथा, पण मधल्या गाळलेल्या वर्षांतच रोझ मोठी होते. मूळ कॅनडातल्या आवृत्तीचं नाव होतं 'हू डू यू थिंक यू आर?' वर्गात रोझ लांबलचक कविता पाठ म्हणून दाखवते आणि बाई शाबासकीऐवजी हे ऐकवतात. 'समजतेस कोण स्वतःला?' आमच्या गावात गणितात पहिली आल्यावर मला हेच ऐकायला मिळालं होतं, तेही घरातून. ब्रिटनमध्ये ते नाव बदललं याचंच मला जास्त वाईट वाटतं.

निवडुंग, देसाई आवडत असतील तर अलिबागजवळच्या थळ गावावरची त्यांची 'द व्हिलेज बाय द सी' वाचली असेलच. मुलांसाठीची म्हणून बाजूला ठेवू नका.

दर्यावर्दी

निवडुंग, दुसऱ्या वाचनाबद्दल तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलं म्हणून काल रात्री गोल्डिंगची पहिली चाळीस पानं पुन्हा काढली. रहस्य माहीत असूनही नव्हे, माहीत असल्यामुळेच ती अंगावर येतात. कोली पहिल्यांदा दिसतो तिथपासून टॅलबट त्याची टर उडवतोय आणि तो दर वेळी नमस्काराला पुढे येतोय. पहिल्या वाचनात मी हसलो होतो. माझं मत बदललेलं नाही, उलट घट्ट झालंय.

औरंगजेबाचं पान मात्र मला आठवत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी वाचलं तेव्हा मी बहुधा ताराच्या बाजूने वाचत होतो. लहानपणी बागेत मधमाश्या उठल्यावर बिमला तिथेच सोडून पळालेली तारा. माझीही एक थोरली बहीण आहे, मागे राहिलेली. पुस्तक मावसभावाकडे आहे, रविवारी आणतो.