कॅन्ससच्या माळावर राहायला जावं का?

सोनचाफा:
नवऱ्याला एम्पोरियात नोकरी मिळतेय. आम्ही सध्या डॅलसला. त्याचं मन बसलंय एम्पोरियापासून वीस मैलांवरच्या कॉटनवुड फॉल्समधल्या एका दगडी घरावर. नकाशात बघितलं तर गवताशिवाय काही नाही! अख्ख्या चेस काउंटीत अडीच हजारांच्या आसपास माणसं. मुलगी सात वर्षांची. मला करमेल का? खरं सांगा.

बार्शीकरीण:
आम्ही शेजारच्या स्ट्राँग सिटीत सहा वर्षं काढली. मुलाच्या कॉलेजपायी मागच्या वर्षी लॉरेन्सला आलो, आणि मला अजून तिथलीच स्वप्नं पडतात.

तिथला आमचा पहिला मार्च महिना सांगते. रात्री दहाला खिडकीतून बघते तर डोंगरउतारावर आगीची वाकडीतिकडी ओळ. घाबरून ९११ लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, घराजवळ आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग कुणीतरी माळ पेटवलाय, झोपा. मामाकडे कोकणात राब भाजताना यायचा तसा वास घरभर. जुनं गवत आणि सीडरची रोपं जळली की कोवळं गवत फुटतं, म्हणून दर वसंतात हे करतात. दहा-पंधरा दिवसांत काळ्या जमिनीवर पोपटी लव, आणि मग टेक्सासकडून ट्रकच्या ट्रक गुरं चरायला.

हा माळ राहिला तो गारगोटीमुळे. चुनखडीच्या थरांत ती इतकी ठासून भरलीय की नांगर चालेना. या टेकड्यांचं फ्लिंट हिल्स हे नावच त्यावरून, फ्लिंट म्हणजे गारगोटी. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या माळांपैकी जेमतेम चार टक्के उरलेत, त्यातला मोठा भाग इथे. स्ट्राँग सिटीला लागून ११,००० एकरांच्या आसपासचं राखीव कुरण आहे, २००९ पासून तिथे गवेही (बायसन हो, आपले नव्हेत) आणलेत. सप्टेंबरात ब्लूस्टेम गवत माझ्या डोक्यावर जायचं.

नान्नजला लहानपणी दोनदा माळढोक बघायला गेले, दोन्ही वेळा नुसतं ऊन खाऊन परतले. इथे एप्रिलात पहाटे गाडीतून न उतरता प्रेअरी चिकन हे माळावरचे पक्षी बघितले. नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज, आणि वर पाय आपटत नाच. मी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायचं विसरले.

रस्त्यात समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तुम्हीही उचला. चौथ्या महिन्यात दुकानदार नावाने हाक मारेल, आणि तुमची गाडी काल कुठे उभी होती हेही त्याला ठाऊक असेल. हे गोड मानायचं की जाच, ते तुमच्या स्वभावावर. मला आधी जाच वाटला. मग एकदा बर्फात गाडी खड्ड्यात गेली, तेव्हा मी फोन शोधेपर्यंत एक जण साखळी घेऊन हजर.

विचिटावाला:
ताईंनी छान लिहिलंय, पण चिगर (गवतातले बारीक चावरे किडे) राहिले! गवतात बसलात की दोन आठवडे खाजवत बसाल. वारा कधी थांबत नाही. डाळ-पिठासाठी विचिटाला या, एका बाजूने सव्वा तास धरा. जूनमध्ये मात्र स्ट्राँग सिटीचा रोडिओ (काउबॉयांचे घोडे-बैलांवरचे खेळ) चुकवू नका, १९३८ पासूनचा आहे.

बार्शीकरीण:
चिगर खरंच राहिले. मोजे पँटवर ओढायचे, शोभेचा विचार करायचा नाही. आणि मुलीला ब्रॉडवेवर विटांच्या रस्त्याने चालवत न्या, टोकाला १८७३ चं दगडी कोर्ट आहे, लाल छपराचं. माझा मुलगा त्याला राजवाडा म्हणायचा.
सोनचाफा, घराला तळघर आहे ना? वादळाचा भोंगा वाजला की तिथेच जायचं.

सोनचाफा:
आहे. पण पावसात पाणी येतं म्हणे.

बार्शीकरीण:
मग पंप आहे का विचारा, आणि तो बॅटरीवर चालतो का हेही. पाणी यायला आणि वीज जायला एकच वेळ असते.