युरोपीय संघातील नकाराधिकार: ठेवावा की काढावा?

चौकस (धागाकर्ता):
युरोपीय संघात 27 देश आहेत आणि परराष्ट्र धोरण, करआकारणी, नव्या सदस्यांचा प्रवेश व सात वर्षांचा अर्थसंकल्प या बाबतींत त्यांपैकी कोणताही एक देश उरलेल्या 26 देशांना अडवून धरू शकतो. डिसेंबर 2023 मधील शिखर बैठकीत याचा कळस झाला. युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेलेले असताना संमत झाला. त्यानंतर त्याच रात्री त्यांनी युक्रेनसाठीची 50 अब्ज युरोंची मदत मात्र रोखली. तिला सर्वांची संमती मिळायला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागला. एकाने बाहेर गेल्याशिवाय निर्णय होत नसेल, तर त्याला धोरण म्हणायचे कसे? इतर बहुतेक विषयांत 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या एवढे बहुमत पुरते. निदान निर्बंध आणि परराष्ट्र धोरण यांना तरी तोच नियम लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोलंडच्या जुन्या संसदेत एका सदस्याच्या नकाराने अख्खे अधिवेशन मोडत असे. 1791 च्या राज्यघटनेने ती प्रथा रद्द केली खरी, पण तोवर शेजाऱ्यांनी देशाचे लचके तोडायला सुरुवात केली होती.

नदीकाठ:
पोलंडचा दाखला वाचायला चांगला आहे, पण तिथे नकार एका सरदाराचा होता, इथे तो निवडून आलेल्या सरकारचा असतो. बहुमताने काय साधते, हे सप्टेंबर 2015 मध्ये दिसलेच आहे. इटली आणि ग्रीसमधील 1,20,000 निर्वासित सदस्य देशांत वाटून घेण्याचा निर्णय चेकिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि रुमानिया यांचा विरोध डावलून बहुमताने झाला. हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले व 2017 मध्ये हरले. तरीही हंगेरीने एकही निर्वासित घेतला नाही, आणि या विषयावरून संघात जी कटुता आली ती वर्षानुवर्षे पुरली. कायदा जिंकला, अंमलबजावणी हरली. शिवाय जर्मनी, फ्रान्स आणि इटली मिळून संघाची जवळपास निम्मी लोकसंख्या होते. साडेपाच लाख वस्तीच्या माल्टाने नकाराधिकार सोडला तर त्याच्याकडे कोण कशाला वळून पाहील?

तर्कटी:
आपल्या जीएसटी परिषदेतही तीन चतुर्थांश बहुमताची तरतूद आहे, पण पहिले मतदान झाले ते थेट डिसेंबर 2019 मध्ये, लॉटरीच्या दरावर. तरतूद असणे आणि ती ऊठसूट वापरणे यांत फरक आहे.

नदीकाठ:
@तर्कटी, ती एका देशातील राज्यांची परिषद आहे. तिथे मतभेद विकोपाला गेले तरी राज्यांना ब्रिटनप्रमाणे बाहेर पडण्याची वाट नाही.

चौकस:
निर्वासितांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु तो इथे पुरता लागू होत नाही. तिथे प्रत्येक देशाला माणसे आपल्या भूमीवर घ्यायची होती. एखाद्या राजवटीचा निषेध करणाऱ्या संयुक्त निवेदनात नाराज देशाला काय करावे लागते? 2020 मध्ये सायप्रसने बेलारूसवरील निर्बंध काही आठवडे अडवले. त्याची तक्रार बेलारूसविषयी नव्हतीच, ती तुर्कस्तानविषयी होती. याला सार्वभौमत्वाचे रक्षण म्हणत नाहीत, सरळ सौदेबाजी म्हणतात. आणि लहान देशांची एवढीच काळजी असेल, तर संरक्षण आणि कर हे विषय एकमताखाली ठेवावेत, त्याला माझी हरकत नाही.

नदीकाठ:
सौदेबाजी आहे हे मान्य, पण लहान देशाची तक्रार एरवी कोणी ऐकली असती का? आणि आपली सूचना मान्य केली तरी ती आणणार कशी? एकमताऐवजी बहुमत लागू करण्याची सोय करारात आहे. मात्र ती वापरण्यासाठी सर्व राष्ट्रप्रमुखांचे एकमत लागते, आणि एखाद्या देशाच्या संसदेने सहा महिन्यांत हरकत घेतली तर तेवढ्यावरही प्रस्ताव बारगळतो. ज्यांच्यासाठी हा बदल करायचा, त्यांचीच सही आपण कोणत्या मोबदल्यात मिळवणार, ते आधी सांगावे.