ऑइलचा दिवा लागला तेव्हा काय निघालं? तुमचे अनुभव लिहा

वडिलांची गाडी आता माझ्याकडे आहे. १९६८ची, चार सिलिंडरची. गेला महिनाभर तिचं एकच दुखणं चाललंय. सकाळी सुरू केली की ऑइलचा दिवा दोन सेकंदांत विझतो आणि मग लागत नाही. पण पाऊण तास चालवून उभी केली की स्लोला मिणमिणायला लागतो. जरा रेस दिली की जातो. ऑइल काडीवर वरच्या खुणेला आहे. ऑइल आणि फिल्टर बदलले, प्रेशर स्विच नवा टाकला. तरी तेच.

तिघांना दाखवली. एकाने ऑइल पंप सांगितला, दुसऱ्याने जाड ऑइल टाकायला सांगितलं. तिसरा म्हणाला, जुन्या गाड्यांना हे चालायचंच, बल्ब काढून टाका. हे ऐकून फार वाईट वाटलं. वडील सांगायचे, बाकी कुठलाही दिवा लागला तर घर गाठ, पण हा लागला तर गाडी कडेला घे आणि तिथल्या तिथे बंद कर.

म्हणून हा धागा. तुमच्या गाडीत दिवा का लागला, कसं शोधलंत, शेवटी काय सापडलं, सविस्तर लिहा. चुकलेलं निदानही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

*

आमच्या गाडीत दिवा सतत पेटलेला असायचा. गरम, थंड, रेस, स्लो, कशानेच फरक नाही. इंजिनाचा आवाज मात्र मऊ.

या दिव्याची वायरिंग अगदी साधी असते. बल्बला इग्निशनमधून करंट येतो आणि त्याचा अर्थ, म्हणजे बॉडीशी जोडणी, इंजिनाच्या ब्लॉकवरच्या स्विचमधून मिळतो. प्रेशर नसताना स्विच जोडलेला असतो, म्हणून की फिरवली की दिवा लागतो. प्रेशर चढलं की आतला पडदा उचलला जातो, अर्थ तुटतो आणि दिवा विझतो. मी इंजिन बंद ठेवून की ऑन केली आणि स्विचवरची वायर काढून हवेत धरली. दिवा विझायला हवा होता, विझला नाही. म्हणजे वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागत होती. फायरवॉलमधून वायर येते तिथलं रबर गळून गेलं होतं आणि पत्र्याच्या कडेने आवरण कापलं होतं. आत तांब्याचे तीन-चार धागे चमकत होते. वायरचा तेवढा तुकडा बदलला, नवं रबर बसवलं, काम संपलं.

तुमचा दिवा रेस दिल्यावर जातो, म्हणजे तुमचं दुखणं वायरचं वाटत नाही.

*

माझं उलटं. नवा स्विच बसवला आणि की ऑन केल्यावर दिवा लागेचना. मी थ्रेडवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली होती. एका वायरचा स्विच अर्थ थ्रेडमधूनच घेतो, तो टेपने तुटला. टेप काढली, दिवा लागला. सुरू करण्याआधी की ऑन करून दिवा लागतो का हे पाहणं तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही. फ्यूज झालेला बल्ब आणि उत्तम प्रेशर समोरून सारखंच दिसतं.

*

धागाकर्ते, पंपाला हात लावण्याआधी मेकॅनिकल गेज (ऑइलचं प्रेशर काट्याने दाखवणारं मीटर) लावा, ही कळकळीची विनंती. हा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला उघडतो. दिवा विझला याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा होत नाही, ते त्या रेषेच्या वर आहे एवढाच होतो. गेज न लावता मी पंप बदलला होता आणि दोन आठवडे वाया घालवले.

गेज लावताना थ्रेड तपासा. १/८ एनपीटीला (अमेरिकी पाइप थ्रेड) इंचात २७ आटे असतात, १/८ बीएसपीला (ब्रिटिश) २८. हाताने दोन-तीन आटे दोन्ही छान जातात, मग पाना लावला की ब्लॉकचे आटे खराब होतात. काही गाड्यांत मेट्रिक एम१० असतो. आटे मोजणारी पत्ती लावून बघा.

माझ्याकडे गेजवर सगळ्याच आरपीएमला प्रेशर कमी होतं, थंड असतानाही. शेवटी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडला. नटामागे स्प्रिंग, स्प्रिंगमागे प्लंजर. स्प्रिंग हातात आली, प्लंजर येईना. चुंबकाने ओढून काढला तेव्हा त्याच्या कडेला गॅस्केटचा नखाएवढा कडक तुकडा अडकलेला दिसला. प्लंजर अर्धवट उघडा राहून ऑइल बेअरिंगकडे जायच्या आधीच परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडत होतं. आधीच्या कुणीतरी स्प्रिंगमागे वॉशर घालून ठेवला होता, तो काढून टाकला. वॉशरने वरच्या आरपीएमचं कमाल प्रेशर वाढतं, गरम स्लोला काही मिळत नाही, कारण धड असलेला व्हॉल्व्ह स्लोला बंदच असतो.

दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे जवळजवळ ०.७ बार, हा जुना ढोबळ हिशेब. खरा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला.

*

काडीवर ऑइल किती आहे एवढंच बघू नका, ते वाढतंय का हेही बघा. माझी पातळी महिन्याभरात खुणेच्या वर गेली आणि मी समाधानी होतो, की गाडी ऑइल खात नाही! दिवा स्लोला लुकलुकायला लागला तेव्हा काडी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास. ऑइल बोटांवरून पाण्यासारखं ओघळलं. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरत होतं. असं असेल तर इंजिन सुरूच करू नका, आगीचा धोका आहे. पडदा, ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर दिवा परत लागला नाही.

*

इंजिन बांधून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना दिवा विझला नाही, लगेच बंद केलं. पंप कोरडा होता, ऑइल ओढत नव्हता. पंप खोलून गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरली, चारही प्लग काढले आणि नुसत्या स्टार्टरवर थांबत थांबत फिरवलं. चौथ्या वेळेला दिवा गेला. मगच प्लग लावले.

*

लिहायला जड जातंय, पण लिहितो. माझा दिवा चालत्या गाडीत लागला. घर दोन किलोमीटरवर होतं. वाटलं, हळूहळू पोचू. अर्ध्या वाटेवर खालून ठक-ठक सुरू झाली, मग ती जड झाली, आणि इंजिन जॅम. खोललं तेव्हा तिसऱ्या बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगचा) शेल, म्हणजे पातळ अर्धगोल पत्ती, जागेवरून फिरून ऑइलचं भोक बंद करून बसला होता. क्रँक निळी पडलेली. ०.२५ मिमीवर भागलं नाही, ती ०.५० पर्यंत ग्राइंड करावी लागली. कारण काय होतं? पिकअपच्या, म्हणजे पंपासाठी ऑइल ओढणाऱ्या नळीच्या, जाळीवर साचलेला सिलिकॉन सीलंट. चेंबर लावताना कुणीतरी सढळ हाताने लावलेला, आत सुटून जाळीवर सालपटासारखा चिकटला होता. चेंबरला कॉर्कचं गॅस्केट असेल तर सीलंट जपून वापरा, आणि दिवा लागला तर दोन किलोमीटरसुद्धा चालवू नका.

*

धागाकर्ता परत आलोय. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक प्रतिसाद गॅरेजमध्ये वाचून दाखवला.

वायर काढल्यावर दिवा विझला. काडीला पेट्रोलचा वास नाही. रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलप्रमाणे. मग गेज लावला. थंड असताना ४ बार, गरम ३,००० आरपीएमला २.४, आणि गरम स्लोला ०.३. म्हणजे दिवा खरं बोलत होता. बल्ब काढला असता तर मला हे कळलंच नसतं.

चेंबर उतरवला, जाळी साफ निघाली. मेन बेअरिंगच्या (ज्यांत क्रँक फिरते) कॅप काढल्या आणि उत्तर हातात आलं. शेलवरचा राखाडी थर मधोमध उडून खाली तांब्याचा रंग दिसत होता. प्लास्टिगेजची मेणासारखी बारीक दोरी ठेवून कॅप आवळली, परत काढली. दोरी जेमतेम दबली होती. फट ०.१२ मिमी, मॅन्युअलची मर्यादा ०.०७. पंप ऑइल देतोय, पण रुंद झालेल्या फटींमधून ते अडथळ्याविना निसटतंय. थंड ऑइल जाड असतं म्हणून सकाळी कळत नव्हतं. मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) चार ठिकाणी मोजला. गोल आहेत, ओरखडे नाहीत, ग्राइंडिंगची गरज नाही. मेन आणि बिग एंड दोन्हीचे शेल नवे टाकले. पंप तोच आहे, गिअरची फट मर्यादेत निघाली.

परवा पाऊण तास चालवून उभी केली. गरम स्लोला १.१ बार, दिवा विझलेला. गेज अजून काढलेला नाही.

एक विचारायचं राहिलं. नवे शेल टाकल्यावर पहिलं ऑइल तुम्ही किती किलोमीटरला बदललंत?