कोपरीतली ओम्नी: आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

विषय: ठाण्यातली ओम्नी, तीन आठवड्यांत काय काय जमेल?
प्रेषक: कोपरीकर, टोरांटो

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये तीन आठवडे ठाण्याला जातोय. कोपरीला आमच्या बिल्डिंगखाली बाबांची २००९ची ओम्नी उभी आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांना माल पोचवायला घेतली होती. धंदा बंद करून सहा वर्षं झाली, पण बाबा ती विकायचं नाव काढत नाहीत. २०२४मध्ये आरटीओत खेटे घालून पाच वर्षांसाठी पासिंगही करून आणलं.

आता मलाही ती विकावीशी वाटत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रिक्षात वाकून चढता येत नाही आणि मावशीच्या गाडीत एकदा खाली बसली की हात धरून उठवावं लागतं. ओम्नीचं सरकतं दार पूर्ण उघडतं, सीट उंच आहे. त्या एकाच गाडीत ती आपली आपण बसते. फक्त ते दार उघडायला दोन माणसं लागतात!

गाडीत कुबट वास येतो, हेडलाइट मिणमिणते आहेत, दार अडकतं. जवळचा गॅरेजवाला म्हणतो भंगारात द्या. मला मात्र जमेल तेवढं स्वतःच्या हातांनी करायचंय. आतून एलईडी दिवे, नवीन मॅट, पडदे, रिव्हर्स कॅमेरा, मोबाइल चार्जिंग असा बेत आहे. कॅमेरा आणि एलईडीच्या पट्ट्या घेऊनही ठेवल्यात. कोणी हे केलंय का? सुरुवात कुठून करू?

*

प्रेषक: वर्तकनगरचा काका, ठाणे

अरे, बाकी काही विकत घेऊ नकोस. मी टोरांटो सोडून ठाण्याला परत आलो त्याला दहा वर्षं होऊन गेली, आणि आल्या आल्या पहिली घेतली ती जुनी ओम्नीच. तिचा प्रत्येक बोल्ट माझ्या हाताखालून गेलाय. कुबट वास म्हणालास ना, तिथेच सगळं आहे. बाबांचा नंबर मला वेगळा पाठव, रविवारी जाऊन बघतो.

*

प्रेषक: वर्तकनगरचा काका, ठाणे

काल कोपरीला जाऊन आलो. वहिनींनी पोहे खाल्ल्याशिवाय खाली उतरू दिलं नाही. बाबा माझ्या आधी पायजमा दुमडून तयार.

इंजिनाची काळजी करू नकोस. बाबा दर आठवड्याला सुरू करतात, एका चावीत लागलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, पुढच्या सीटखाली. सीट उचलली की हात पोचतो. ओम्नी बनणं २०१९मध्ये थांबलं, पण भाग अजून मिळतात. ठाण्यात नाही मिळाला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतो.

दुखणं पाण्याचं आहे. मी मॅट उचलली. खालचा फेल्ट (जाड कापडी थर) मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी आलं, आणि पाऊस जाऊन महिना झालाय. तू त्यावर नवीन मॅट अंथरणार होतास. म्हणजे ओल झाकली गेली असती आणि वर्षभरात खालचा पत्रा गेला असता. म्हणून तुझी यादी बाजूला ठेव. पाणी कुठून येतंय ते कळेपर्यंत या गाडीत एकही नवीन वस्तू बसवायची नाही.

कसं शोधलं ते सविस्तर लिहितो, कारण हे कुणालाही घरी करता येतं. फेल्ट काढून जमीन कोरडी पुसली. पुढच्या काचेच्या आणि दारांच्या कडेने आतून टाल्कम पावडर भुरभुरली, खाली वर्तमानपत्र पसरलं. मी टॉर्च घेऊन आत, बाबा पाइप धरून बाहेर. पाणी नेहमी खालून वर न्यायचं. आधी दाराची खालची कड पाच मिनिटं, मग काचेची खालची कड, मग वरची, छत सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. धार बारीक ठेवायची. जोराच्या फवाऱ्याने चांगलं रबरसुद्धा गळतं.

काचेच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पावडरीत बोटभर ओघळ उमटला. ते झालं पहिलं ठिकाण. दुसरं छताच्या पन्हळीत, सरकत्या दाराच्या बरोब्बर वर. तिथला जुना सीलंट तडकलाय. पण खरा धक्का दारांनी दिला. दारात काचेच्या फटीतून थोडं पाणी जातंच, ते खालच्या कडेच्या भोकांतून निघून जायला हवं. तुमच्या गाडीला कधीतरी कुणीतरी खालून काळं गंजरोधक कोटिंग मारून दिलंय आणि त्याने ती भोकंच बुजलीत. वहिनींची विणायची सुई मागून घेतली आणि डाव्या दाराचं पहिलं भोक मोकळं केलं. तांबूस पाण्याची धार लागली. अर्धं भांडं तरी निघालं असेल. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मग सुई माझ्या हातून घेऊन उरलेली सगळी भोकं त्यांनी स्वतः मोकळी केली.

आता दुरुस्ती. पन्हळीतला जुना सीलंट खरवडून काढ, थिनरने पूस आणि पॉलियुरेथेनचा बॉडी सीलंट भर. बाथरूमसाठी मिळतो तो सिलिकॉन अजिबात नको. त्याला व्हिनेगरसारखा वास येतो तो अॅसेटिक अॅसिडचा. ते सुकताना पत्र्याला गंज लावतं आणि सिलिकॉनवर पुढे रंगही धरत नाही. काचेचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बदलायला काचवाला बोलाव. स्वतः काढायला गेलास तर काच तडकेल. फक्त त्याला सांग की काच निघाल्यावर लगेच बसवायची नाही, खालची चौकट आम्हाला बघायची आहे. गंज तिथेच लपलेला असतो.

गंजाचं म्हणशील तर तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, इथे कोपरीला खाडी जवळ, मीठ हवेतूनच येतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द. ड्रायव्हरच्या पायाखाली ठीक आहे. डाव्या दाराच्या उंबऱ्याशी एके ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तिथे पुटी भरू नकोस. पुटी ओल धरते, वरून गुळगुळीत दिसतं आणि आतून भोक वाढत जातं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून तुकडा कापून वेल्ड करून घे. त्याआधी बॅटरीची वायर काढ आणि पेट्रोलची लाइन कुठून गेलीय ते त्याला दाखव. हे काम बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करायचं नाही.

बाकी सगळा वरवरचा गंज आहे, तो तुझ्या हातचा. वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग फॉस्फोरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर. हातमोजे घाल. काळपट झालं की डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांब, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. डिसेंबर निवडलास हे उत्तम. पावसाळ्यात रंगाखाली दमटपणा अडकतो आणि फोड येतात. शेवटी उंबऱ्याच्या पोकळीत मेणाचा स्प्रे मार, आणि भोकं पुन्हा उघडी आहेत ना ते सुईने बघ.

आईच्या दाराला तीन रोलर आहेत: वर एक, खाली एक, मधल्या रेलमध्ये एक. खालचा झिजून चपटा झालाय, त्यामुळे दार खाली बसतं आणि अडकतं. रेलमध्ये चिखल आणि जुनं ग्रीस यांचा लगदा आहे, त्यावर पुन्हा ग्रीस थापू नका. रॉकेल नाही मिळालं तर डिझेलमध्ये ब्रश बुडवून रेल स्वच्छ कर, रोलर बदल, मग बोटभर नवीन ग्रीस. एका दुपारचं काम आहे, पण दार उतरवताना धरायला दुसरा माणूस हवाच.

ब्रेक मात्र मेकॅनिककडून. बाबा हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवतात, मागचं डावं चाक जाम आहे. ब्रेक ऑइल काढ्यासारखं झालंय. तेही हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. पुढे हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा, असं बाबांना सांगून आलोय. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून घे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्याने खराब होऊ शकतं, आणि इथेनॉलही पाणी ओढतं. टाकी फार दिवस तशीच भरून ठेवू नका.

*

प्रेषक: नेरूळची ताई, मिसिसागा

काका, वाचताना माझ्या बाबांचं नेरूळचं पार्किंग डोळ्यांसमोर आलं.

विजेबद्दल मी सांगते, माझं कामच ते आहे. हेडलाइट मंद म्हणून कोणी १०० वॅटचे बल्ब लावायला सांगेल, ते लावू नकोस. होल्डर वितळतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्बही नको. प्रकाश फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. दोन ६०/५५ वॅटचे बल्ब मिळून साधारण ९ ते १० अँपिअर ओढतात, आणि जुन्या गाडीत वाटेत गंजलेला जोड असला की व्होल्टेज तिथेच मरतं. काका, जमलं तर हेडलाइट लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत मीटर लावाल का? ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग (बॅटरीपासून बॉडीपर्यंतची जोडणी) खराब.

एलईडीच्या पट्ट्या आणि चार्जरसाठी बॅटरीतून वेगळी वायर घे, १ चौरस मिलिमीटरची पुरेल. ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत. लोक फ्यूज दिव्याजवळ लावतात. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. मधेच पत्र्याला घासून वायर सोलली आणि फ्यूज त्याच्या पुढे असला तर काही उपयोग नाही. पत्र्यातून वायर नेशील तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाल. पार्किंगमध्ये उभ्या गाडीला आग लागण्याची गोष्ट मी हलक्यात घेत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

*

प्रेषक: वर्तकनगरचा काका, ठाणे

मीटर लावला. ०.७ व्होल्ट! अर्थिंगच्या वायरचा लग (टोकाची धातूची कडी) हिरवा पडलाय. ताई, इथेही पाणीच.

*

प्रेषक: कोपरीकर, टोरांटो

काका, ताई, काय बोलू. बाबांनी फोनवर सुईची गोष्ट तीनदा सांगितली.

एक विचारतो. मागची सीट काढून आईला आडवं होता येईल असा बाक बसवला तर? डॉक्टरकडे मुलुंडला जाताना ट्रॅफिकमध्ये पाय लांब करता येतील.

*

प्रेषक: वर्तकनगरचा काका, ठाणे

सीट काढू नकोस. आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढ्या गाडीत हव्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. कायद्याचं बाजूला ठेव, बाकावर आडव्या माणसाला पट्टा लावता येत नाही. आईला सीटवर बसवून पट्टाच लाव.

त्यापेक्षा दाराशी धरायला दांडा बसव. नुसते स्क्रू पत्र्यात पिळू नकोस, जोर आला की उपटून येतील. खांबाच्या आत लोखंडी पट्टी घालून नटबोल्टने आवळ, आणि भोक पाडलंस की त्याच्या कडेला आधी प्रायमर लाव. प्रत्येक नवीन भोक म्हणजे गंजाला नवीन दार. पायरी वेल्ड करायच्या भानगडीत पडू नकोस. जांभळी नाक्यावरून लाकडी चौरंग घे, खाली रबर ठोक. माझ्या आईसाठी १५ सेंटीमीटरचा ठेवला होता. ती असेपर्यंत गाडीतच असायचा.

आणखी एक राहिलं. इंजिनावरच्या झाकणाची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) फाटलीय. सीटखालून नुसती गरम हवा येत नाही, सायलेन्सरला गळती असली तर धूरही आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पडद्यांच्या आधी ती बदल.

*

प्रेषक: कोपरीकर, सध्या कोपरी

मंडळी,

आज सतरावा दिवस. बीडिंग बदललं. काचेखालच्या चौकटीत वीतभर गंज होता, मी आणि बाबांनी दोन दिवस घासला. त्यांचा हात अजून माझ्यापेक्षा चालतो. उंबऱ्याला तुकडा वेल्ड झाला. अर्थिंगची वायर बदलली आणि हेडलाइट एकदम पांढरे झाले. काल पुन्हा पाइप लावून अर्धा तास पाणी मारलं. वर्तमानपत्र कोरडं. बाबांनी ते घडी करून डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय.

दार आता एका बोटाने सरकतं. परवा आईने ते स्वतः उघडलं, चौरंगावर पाय ठेवला, दांडा धरला आणि बसली. मग म्हणाली, उपवनला चला. तलावाकाठी तासभर थांबलो.

कॅमेरा बसवलेला नाही, वेळ उरला नाही आणि बाबांना नको आहे. फेल्ट नवीन घातलाय, मॅट मात्र पुढचा पावसाळा बघून.

खालच्या रोलरची एक जोडी कुर्ल्याहून जास्तीची आणलीय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या घरी ओम्नी असेल तर कळवा, २८ तारखेपर्यंत मी इथे आहे. नंतर बाबांकडून घेऊन जा, ते दार उतरवायलाही येतील म्हणालेत.