फेलिक्सचं मराठीत काय करायचं?

अर्धविराम
एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतोय आणि दोन दिवस एकाच वाक्याशी अडून बसलोय. नायक जन्माचा रडतराऊत. गाठायची ती बस सुटते, उघडावी ती छत्री उलटी होते, ठरलेलं लग्न मोडतं. नाव फेलिक्स. शेवटी त्याची थोरली बहीण मार्था त्याच्याकडे बघत म्हणते, "तुझं नाव ठेवताना घरात कुणीतरी शब्दकोश उघडायला हवा होता." बस, एवढंच. लॅटिनमध्ये फेलिक्स म्हणजे भाग्यवान, सुखी. ज्याला ठाऊक आहे तो हसतो. मराठी वाचकाची पंचाईत अशी की त्याला 'फेलिक्स'मध्ये 'फेल' ऐकू येतं. म्हणजे माणूसही नापास आणि नावही नापास. विनोदच उरत नाही.

तीन वाटा दिसतात. नाव तसंच ठेवून तळटीप द्यायची. किंवा नाव बदलून सुखदेव वगैरे करायचं. पण मार्थाचा भाऊ सुखदेव कसा? नाहीतर मार्थाच्याच तोंडी अर्थ घालायचा, म्हणजे तिचं तुटक वाक्य लांबणार. तुम्ही काय कराल?

बोरू
तळटीप नकोच. विनोद सांगून झाल्यावर कोपराने ढोसून 'कळला का?' विचारण्यासारखं आहे ते. नाव एक आणि नशीब दुसरं, हे सांगायला आपल्याकडे अख्खी म्हण तयार आहे: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मार्थाला ती म्हणू द्या.

अर्धविराम
मार्थाच्या तोंडी सोनुबाई? तिने उभ्या जन्मात कथलाचा वाळा पाहिला नसेल हो.

बोरू
मराठी बोलतेय ना ती? मग वाळाही पाहिला असणार.

खडूस मास्तर
आधी अर्थ तर नीट लावा. 'सुखी' हा फेलिक्सचा उशिराचा अर्थ. मुळात तो शब्द शेतातला: फळणारा, सुपीक. रोमन लोक फळ देणाऱ्या झाडाला 'आर्बोर फेलिक्स' म्हणत. फळणाऱ्यावर देवाची कृपा, म्हणून तो भाग्यवान, आणि भाग्यवान म्हणून सुखी, असा तो सरकत गेला. मराठीत आपण 'नशीब फळफळलं' म्हणतो ना, तीच कल्पना.

व्युत्पत्तीचा किडा
वा मास्तर! मग सरळच आहे की. फेलिक्स आणि फळ हे एकाच धातूतले. संस्कृत फल, लॅटिन फेल. अर्थ तोच, आवाज तोच. हे मी कॉलेजात असल्यापासून सांगतोय, कुणी ऐकत नाही.

खडूस मास्तर
ऐकत नाहीत ते बरंच करतात. शब्दाच्या सुरुवातीचा लॅटिन 'फ' हा संस्कृतातल्या 'फ'शी जुळत नाही. त्याच्यासमोर संस्कृतात येतो 'भ' किंवा 'ध'. लॅटिन फ्रातेर, संस्कृत भ्राता. लॅटिन फूमुस, संस्कृत धूम. या हिशेबाने फेलिक्सचे नातेवाईक शोधायला गेलात तर फळाच्या टोपलीत नाही, गोठ्यात सापडतील: धेनु, धात्री. मूळ धातू दूध पाजण्याचा. ध्वनी सारखा दिसला की नातं जोडायचं, हा छंद सोडा.

व्युत्पत्तीचा किडा
म्हणजे मी ज्याला फळ समजत होतो ती गाय निघाली. ठीक आहे. पण निकोलस आणि निखिल यांचं काय?

खडूस मास्तर
निकोलस ग्रीक: 'नीके' म्हणजे विजय आणि 'लाओस' म्हणजे लोक. निखिल म्हणजे सगळा, संपूर्ण. दोघांची ओळखसुद्धा नाही.

काना-मात्रा
मूळ प्रश्नाकडे येते. नाव अनुवादित करावं की नाही, यावर खुद्द एका फेलिक्सचाच दाखला आहे. रोमचा सुल्ला. इ.स.पू. ८२ मध्ये यादवी युद्ध जिंकल्यावर त्याने स्वतःच्या नावापुढे 'फेलिक्स' लावून घेतलं. पण ग्रीकांशी पत्रव्यवहार करताना तो 'फेलिक्स' लिहीत नसे, 'एपाफ्रोदितोस' म्हणवून घेई, म्हणजे अफ्रोदितेच्या मर्जीतला. शब्दाला शब्द नाही दिला त्याने; ग्रीक माणूस भाग्यवानाला काय म्हणेल ते दिलं. तेव्हा अर्धविराम, तुम्हीही बेधडक मराठी नाव द्या.

नुक्ता
असहमत. सुल्लाने स्वतःचं नाव बदललं, तो त्याचा हक्क. दुसऱ्याच्या पात्राचं नाव बदलणं वेगळं. उलट दाखला घ्या: विदिशेजवळ बेसनगरला गरुडस्तंभ आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. तो उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओडोरस. या नावाचा अर्थ 'सूर्याने दिलेला'. प्राकृतात 'सूर्यदत्त' लिहिणं त्याला काय जड होतं? भागवत झालेला माणूस, वासुदेवासाठी गरुडध्वज उभारतोय. तरी नाव कोरलंय ते 'हेलिओदोर'. बापाचं नाव दिओन, त्याचं केलं 'दिय'. राजा अंतिआल्किदास, तो झाला 'अंतलिकित'. जिभेला वळतील तसे उच्चार घासले, अर्थाला हात लावला नाही. अशोकानेही तेराव्या शिलालेखात अलेक्झांडर नावाच्या राजाला 'अलिकसुंदर' केलं, 'नररक्षक' नाही केलं.

बोरू
अलिकसुंदर! अनुवाद न करताही माणूस सुंदर झाला.

काना-मात्रा
नुक्ता, तुमच्या हेलिओडोरसला माझं उत्तर नाशिकच्या लेण्यांत आहे. सतराव्या लेण्यातला दाता स्वतःला योनक म्हणवतो, म्हणजे ग्रीक, आणि नाव सांगतो इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा. नाव पार बदललेलं किंवा इथलंच घेतलेलं. म्हणजे दोन्ही चालत होतं.

नुक्ता
ते नाव मूळ ग्रीक नावाचा अनुवाद आहे असं तिथे कुठे लिहिलंय?

काना-मात्रा
नाही असंही लिहिलेलं नाही.

पैलतीर
'दत्त'चा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. 'देवाने दिलेला' या अर्थाचं मुलाचं नाव नाही अशी भाषा मला तरी अजून भेटलेली नाही. ग्रीक थिओडोर (रशियनमध्ये फ्योदोर), हिब्रू मत्तित्याहू (इंग्रजीत मॅथ्यू, मराठी बायबलात मत्तय), फारसी खुदादाद, अरबी अताउल्ला, तुर्की अल्लाहवेर्दी. आणि आपला देवदत्त. थिओ आणि देव तर सरळ एकच शब्द.

खडूस मास्तर
नाही! पुन्हा तेच. ग्रीक 'थेओस' आणि संस्कृत 'देव' यांचा काडीचा संबंध नाही. देवाशी नातं आहे लॅटिन 'देउस'चं. ग्रीकमध्ये त्या घरातला आहे तो झेउस, आपला द्यौस्. थिओडोरमधला दुसरा भाग मात्र खरंच आपला: 'दोरोन' म्हणजे दान, 'दा' धातू तोच. तुम्ही बरोबर असलेलं अर्धं सोडून नेमकं चुकीचं अर्धं उचललंत.

आणि सगळ्यात जवळचा जुळा तुमच्या यादीत नाहीच. स्लाव्ह लोकांचा बोग्दान. 'बोग' म्हणजे देव, तोच आपला 'भग'. 'दान' म्हणजे दिलेला. म्हणजे भगदत्त. कुरुक्षेत्रावर सुप्रतीक हत्तीवर बसून लढणारा प्राग्ज्योतिषाचा म्हातारा राजा आणि पूर्व युरोपातला कुठलाही बोग्दान, नावाने सख्खे भाऊ.

पैलतीर
हे माहीत नव्हतं. माझ्यासोबत एक बोग्दान काम करतो, उद्याच सांगतो त्याला. हत्तीचंही सांगू का?

बोरू
देवदत्त हे नाव मात्र कमनशिबी. बौद्ध कथांत तो बुद्धाचा मत्सरी चुलतभाऊ. आणि शास्त्रात तर त्याला कुणीही राबवावं. 'पीनो देवदत्तो दिवा न भुङ्क्ते', म्हणजे लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात रात्री चापून खातो. मीमांसकांना अर्थापत्ती शिकवायची होती, अब्रू गेली देवदत्ताची. देवाने दिलेला माणूस शेवटी सोम्यागोम्या झाला. अर्धविराम, तुमच्या फेलिक्सचं नाव देवदत्त ठेवा, दुःख आपोआप येईल.

समीर (खराखुरा)
मी सहसा नुसता वाचतो, पण हा विषय माझ्या वर्मावरचा आहे. आयुष्यभर सांगत आलो की समीर म्हणजे वारा. मागे एका इजिप्शियन सहकाऱ्याने नाव ऐकलं आणि खूश होऊन म्हणाला, "म्हणजे तू रात्री गप्पा मारणारा!" मी म्हटलं, नाही बाबा, वारा. तो म्हणाला, "वारा कसला? 'समर' म्हणजे रात्रीच्या गप्पा आणि 'समीर' म्हणजे त्या गप्पांतला सोबती. आमचा शब्द आहे." मी संस्कृत कोशाचा फोटो पाठवला, त्याने अरबी कोशाचा. दोघंही बरोबर! आता नाव कुठल्या भाषेतलं हे मी सांगायचं की माझ्या आईने? तिला विचारलं तर म्हणाली, ऐकायला गोड वाटलं म्हणून ठेवलं.

नुक्ता
आईचं उत्तर या धाग्यावरचं सर्वांत शास्त्रशुद्ध आहे.

अमितचंही असंच. संस्कृतात अमर्याद, न मोजता येणारा. हिब्रूत 'अमीत' म्हणजे सहकारी, सोबती, आणि इस्राएलमध्ये ते चालू नाव आहे.

काना-मात्रा
आणि मिलिंद? कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. पण 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद हा ग्रीक मिनांडर. म्हणजे मिलिंद नावाच्या माणसाला भुंगा व्हायचं की यवन राजा, हे त्याच्या आईबाबांनी काय वाचलंय त्यावर अवलंबून.

व्युत्पत्तीचा किडा
मास्तर, आता भीत भीत विचारतो. मिनांडर, अलेक्झांडर, आंद्रेआस या सगळ्यांत 'आंद्र' आहे. तो इंद्र नव्हे ना?

खडूस मास्तर
नव्हे. पण या खेपेस प्रश्न चांगला विचारलात. तो ग्रीक 'अनेर', षष्ठीत 'आंद्रोस': पुरुष. आपला 'नर' तोच. अलेक्झांडर म्हणजे माणसांचं रक्षण करणारा. अरबांना त्यातलं सुरुवातीचं 'अल' त्यांचं स्वतःचं उपपद वाटलं, त्यांनी ते सोलून काढलं आणि उरला इस्कंदर, पुढे सिकंदर. त्यामुळे मराठीत 'सिकंदर' लिहिणं म्हणजे एका गैरसमजाला मान्यता देणं. लिहायचं तर 'अलेक्सांद्रोस' लिहा.

बोरू
झालं, शुद्धिपत्रक आलं! मास्तर, शेकडो वर्षं लोक सिकंदर म्हणताहेत. गैरसमज जुना झाला की त्याला भाषा म्हणतात. उद्या 'अफलातून'ला पण घराबाहेर काढाल.

खडूस मास्तर
अफलातून हे विशेषण आहे, त्याला मी काही म्हणत नाही.

बोरू
विशेषण झालं ते आपल्यामुळे! मूळचा तो प्लेटो. ग्रीक प्लातोन. अरबीत 'प' नाही म्हणून 'फ' आला, शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही म्हणून पुढे 'अ' आला, आपण स्टेशनचं इस्टेशन करतो तसा. आणि मराठीत आल्यावर तत्त्वज्ञाची बॅटिंगही अफलातून व्हायला लागली. काढा आता प्लातोन शुद्ध करून, बघू कोण म्हणतं 'काय प्लातोन सिक्सर मारला'!

खडूस मास्तर
मान्य. पण नोंद घ्या, प्लातोन हे 'प्लातीस' म्हणजे रुंद यावरून. खांदे रुंद होते म्हणून पडलेलं टोपणनाव, अशी जुनी आख्यायिका आहे. आणि 'प्लातीस' म्हणजे आपला 'पृथु'. तेव्हा अफलातून म्हणजे पृथूच.

नुक्ता
अरबीत 'प'चा कधी 'फ' होतो, कधी 'ब'. पेत्रोस म्हणजे खडक, तोच पीटर, तो अरबीत बुत्रोस. १९९२ ते १९९६ संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते बुत्रोस बुत्रोस-घाली. 'घाली' म्हणजे मौल्यवान, महाग. मग प्लातोनला 'फ' आणि पेत्रोसला 'ब', असा दुजाभाव का? कुणी सांगेल?

पैलतीर
मला थॉमस आवडतो. अरामी भाषेत त्याचा अर्थ जुळा. आणि आपला 'यम' शब्दही मुळात जुळा याच अर्थाचा, यम-यमी. अवेस्तात तोच यम 'यिम' होतो, आणि 'यिम क्षएत' म्हणजे तेजस्वी यिम, यावरून जमशेद. म्हणजे थॉमस आणि जमशेद दोघांच्याही नावात जुळेपण, पण दोघं एकमेकांचे जुळे नाहीत.

व्युत्पत्तीचा किडा
माझ्याकडूनही एक, मास्तरांना आवडेल असं. वैद्यकाचा आद्यपुरुष हिपोक्रेटिस. 'हिप्पोस' म्हणजे घोडा, 'क्रातोस' म्हणजे बळ. घोड्याचं बळ असलेला. आपल्याकडे अश्व अधिक स्थामन्, स्थामन् म्हणजे बळ. हिपोक्रेटिस म्हणजे अश्वत्थामा!

खडूस मास्तर
'हिप्पोस' आणि 'अश्व' हे एकाच मूळ शब्दाचे आहेत. अर्थही जुळतो. महाभारतात त्याच्या नावाची कथा जन्मतःच घोड्यासारखा खिंकाळला अशी आहे, ती वेगळी. पण शाब्बास.

व्युत्पत्तीचा किडा
आजचा दिवस मी लिहून ठेवतोय.

बोरू
एकाने जगाच्या जखमा बांधल्या, दुसरा स्वतःची जखम घेऊन फिरतोय. अर्धविराम, हे वापरता येईल का बघा.

अर्धविराम
नाही येणार. घोडा, हत्ती, गाय सगळं मिळालं, फेलिक्स तिथेच बसलाय उलटी छत्री घेऊन. मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त असं केलंय: कथेच्या पहिल्या पानावरच बहीण त्याला चिडवताना एकदा 'आमचे भाग्यवंत' म्हणते. माझी भर आहे, मुळात नाही. म्हणजे शेवटी शब्दकोशाचं वाक्य आलं की वाचकाला धागा लागेल. पण 'फेल' ऐकू येतं ते येतंच.

नुक्ता
लेखकाने न लिहिलेलं वाक्य पहिल्या पानावर? त्यापेक्षा तळटीप परवडली.

काना-मात्रा
मला चालेल. सुल्लालाही चाललं असतं.

समीर (खराखुरा)
एक बारीक शंका. इंग्रजी कथा आहे ना? इंग्रजीत त्याचा उच्चार 'फीलिक्स' होतो. तसं लिहिलंत तर 'फेल' जाईल की.

खडूस मास्तर
मराठी बायबलात तो रोमन अधिकारी 'फेलिक्स' आहे, आणि लॅटिनमध्ये दोन्ही स्वर दीर्घ, 'फेलीक्स'. इंग्रजांचं ऐकून आपण का बिघडवायचं?

अर्धविराम
'फीलिक्स' करून पाहिलं. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, आता 'फील' ऐकू येतंय.