१४ महिन्यांच्या बाळाला उलट्या आणि पाण्यासारखी शी, व्हायरल असेल का?

ओवीची आई:
काल रात्रीपासून ओवीला पाच-सहा उलट्या झाल्या, दूध पाजलं की लगेच बाहेर, आणि सकाळपासून पिवळट पाण्यासारखी शी, डायपरच्या बाजूने नुसती वाहतेय, ताप १०१ आहे. सासूबाई म्हणतात दात येतायत. रोटाची, म्हणजे जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची, लस झालीय. नक्की काय बघायचं?

दोन लेकरांचा बाबा:
दातांमुळे एवढं होत नाही हो. आमच्या धाकट्याला पण आधी उलट्या मग जुलाब असंच झालेलं, रोटा निघाला. लस घेऊनही होऊ शकतो, पण सहसा एवढा जोर करत नाही. शीत रक्त किंवा आव दिसली तर मात्र लगेच दाखवा.

नर्सताई:
अगं, शी मोजण्यापेक्षा शू मोज. सहा तास डायपर कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू जागेवर जाते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. मलूल पडून राहिली तर अजिबात थांबू नकोस. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालव, चमच्याचमच्याने दे, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध चालूच ठेव. डॉक्टरांनी झिंक दिलं तर शी थांबली तरी १४ दिवस पूर्ण कर, बरेच जण मध्येच सोडतात.

ओवीची आई:
ताई, आत्ता रडली तेव्हा पाणी आलं डोळ्यांत, पण शू पहाटे चारनंतर नाहीच. निघतोय लगेच.