सल्ला हवा: कर्नल बदलल्यापासून दोन जुने प्रोग्राम रुसलेत

जुनीपेटी
मंडळी, जुना सर्व्हर अखेर हलवला. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, २.६.३२ वरून थेट ६.१. दोन प्रोग्राम सोडले तर सगळं सुरळीत. दोन्हींचा सोर्स नाही आणि लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेला.

पहिला रोजचा अहवाल काढतो. शीर्षकाची ओळ छापतो, पुढच्या ओळीत तारीख यायची, तिथे सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातला म्हणून कर्नल प्रोग्राम मारतो तो). दर वेळी तिथेच. दुसरा 'कर्नल २.६ हवा' एवढं म्हणून बाहेर पडतो.

डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठी वेगळी कप्पेबंद जागा) जुनी सिस्टीम टाकून पाहिली. तिथे तर कमांड घेणारी बॅशसुद्धा उठत नाही, १३९ कोड देऊन मरते, म्हणजे तोच सेगमेंटेशन फॉल्ट. काय करू?

रिकामा_थ्रेड
व्हीएम (आभासी मशीन) लावा, जुना कर्नल त्यात कोंबा आणि मोकळे व्हा. उगाच खोदत बसू नका.

एसट्रेसवाली
थांबा हो, दोन प्रोग्रामसाठी अख्खी व्हीएम कशाला? तारखेपाशीच मरतो हे वाचूनच शंका आली. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची नोंद) 'व्हीसिसकॉल' शब्द दिसतोय का बघा.

जुनीपेटी
दिसतोय! 'व्हीसिसकॉल=नन असताना व्हीसिसकॉलचा प्रयत्न' अशा अर्थाची ओळ आहे, प्रत्येक क्रॅशला एक.

एसट्रेसवाली
मग सापडला. ६४ बिटच्या जुन्या ग्लिबसीत (प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) वेळ विचारायची झाली की प्रोग्राम मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर उडी मारायचा, तोच व्हीसिसकॉल. तो पत्ता प्रत्येक प्रोसेसमध्ये तोच. हल्ला करणाऱ्याला आयतं सापडतं, म्हणून काही डिस्ट्रोंनी (लिनक्सची तयार संचं बनवणाऱ्यांनी) ती सोय बंद करून टाकली. तुमच्या जुन्या सिस्टीमची ग्लिबसी २.१२ असणार, आणि स्टॅटिक लिंक केलेल्या (लायब्ररी आतच जोडलेल्या) प्रोग्रामच्या तर ती पोटातच असते. नवी लायब्ररी बसवून उपयोग नाही.

डॉकर का चाललं नाही तेही यातच आलं. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो मशीनचाच वापरतो. भांडं बदललं तरी चूल तीच.

ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीला 'व्हीसिसकॉल=एक्सओन्ली' जोडा, म्हणजे त्या पत्त्यावर उडी मारता येईल पण तिथलं वाचता येणार नाही, आणि रीबूट करा. त्याने भागलं नाही तरच 'इम्युलेट', त्यात वाचताही येतं.

शंकासुर
मग 'यूजरस्पेस मोडायचं नाही', म्हणजे कर्नल बदलला तरी चालणारे प्रोग्राम बंद पडू नयेत, हा कर्नलवाल्यांचा नियम कुठे गेला? लिनक्सचे जनक तोरवाल्ड्स २०१२ मध्ये याच नियमावरून कर्नलच्या एका मेंटेनरवर (एक भाग सांभाळणाऱ्यावर) जाहीरपणे भडकले होते ना?

एसट्रेसवाली
नियम आहे तिथेच आहे, कर्नलमध्ये सोय अजून आहे. डिस्ट्रोने बिल्ड करताना ती बंद ठेवली. अशा वेळी शिव्या कर्नलला बसतात, पण आधी बिल्डची कॉन्फिग फाइल उघडून बघावी.

पंचवीस_टॅब
दुसऱ्याचं मी सांगतो. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आला आणि आवृत्तीत '२.६' शोधणारे प्रोग्राम तोंडावर पडले. त्यांच्यासाठी सेटआर्च या कमांडमध्ये 'युनेम-२.६' हा पर्याय आहे. त्यातून सुरू केलेल्या प्रोग्रामला तुमचा ६.१ हा २.६.६१ दिसेल. निव्वळ थाप आहे, पण अधिकृत थाप.

जुनीपेटी
दोन्ही चालले! एक्सओन्लीवरच भागलं. अहवालात तारीख बघून बरं वाटलं.
आता एकच उरलं. एका जुन्या सीरियल कार्डाचा ड्रायव्हर आहे, नुसती .को फाइल (कर्नलला जोडायचं तयार मॉड्यूल), सोर्स नाही. लोडच होत नाही.

एसट्रेसवाली
होणारही नाही. तो नियम प्रोग्रामांसाठी आहे, मॉड्यूलसाठी नाही. कर्नलच्या आतली रचना कधीही बदलते. सोर्स असता तर डीकेएमएस या साधनाने प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करता आला असता, अर्थात तोही अधूनमधून दुरुस्त करावा लागतोच. आधी एलएसपीसीआय या कमांडमध्ये (जोडलेल्या कार्डांची यादी देते) कार्डावरची चिप कुठली ते बघा. नेहमीची असेल तर ६.१ मधला ड्रायव्हरच ती ओळखेल.

रिकामा_थ्रेड
आणि नसेल ओळखत, तर माझी व्हीएम आहेच. कार्ड तिला पासथ्रू करून, म्हणजे थेट तिच्याच ताब्यात, द्या :)

जुनीपेटी
चिप ओळखीची निघाली, पोर्ट दिसायला लागले. व्हीएम राहू दे रे, पुढच्या अपग्रेडला लागेल.